सायकलसाठी परवडणारा दिवा निवडताना त्यातील बॅटरीचा भरवसा कसा धरावा?

अंबड_दुसरी_पाळी

नमस्कार मंडळी. माझी नोकरी नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत असून दुसरी पाळी रात्री साडेअकराला सुटते. तेथून इंदिरानगरपर्यंतचे अंतर पाच-सहा किलोमीटरच आहे, परंतु त्यातील काही पट्ट्यांत रस्त्यावरचे दिवे असून नसल्यासारखे असतात आणि मालवाहू गाड्यांची वर्दळ मात्र त्याच वेळी असते. दिवाळीनंतर मी ६५० रुपयांना एक पुढचा दिवा ऑनलाइन मागवला. खोक्यावर ‘२००० ल्युमेन’ (उजेडाचे माप) असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते आणि सोबतच्या सुट्या सेलवर ‘९८०० एमएएच’ (सेलची क्षमता) असे लिहिले होते. पहिल्या रात्री उजेड पाहून मी हरखून गेलो. विक्रेत्याने दहा तास चालेल असे म्हटल्यामुळे दुसऱ्या दिवशी चार्ज केला नाही, आणि पाथर्डी फाट्याच्या अलीकडे तो दिवा मंद न होता एकदम विझला. खड्डा कुठे आणि दुभाजक कुठे हे कळेना, म्हणून उरलेला रस्ता सायकल हातात धरून आलो.

घरी मुलीचा केकसाठीचा डिजिटल काटा आहे. सहज म्हणून तो सेल त्यावर ठेवला, तर वजन ३१ ग्रॅम भरले. ते कमी की जास्त, हे मला कळत नाही. मात्र सोबतच्या लहानशा चार्जरमध्ये लावल्यावर सेल इतका तापतो की मुठीत धरवत नाही, याने मी धास्तावलो आहे. आमच्या घरात चार्जिंगचा बोर्ड दाराजवळ, चपलांच्या रॅकवर आहे, आणि घराला दार तेवढे एकच.

पुढचा आणि मागचा मिळून १,५०० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. कोणता दिवा घ्यावा यापेक्षा, दिव्यावर लिहिलेले खरे की खोटे हे दुकानातच कसे ओळखावे, आणि घरात लहान मुले असताना तो कसा चार्ज करावा, हे कोणी समजावून सांगितल्यास उपकार होतील.

सातपूर_टेस्टबेंच

मी सातपूरला एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जुळणीच्या तपासणीवर आहे, त्यामुळे असे सेल रोज हातांखालून जातात. प्रथम एक विनंती: तो सेल पुन्हा चार्ज करू नका. कारण पुढे येतेच.

तुमच्याकडचा सेल बहुधा ‘१८६५०’ या मापाचा असेल. त्या आकड्यात गूढ काही नाही; व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार दंडगोल. एवढ्या जागेत आजघडीला नामांकित उत्पादकांनाही साधारण ३५०० एमएएचच्या आसपासच क्षमता बसवता येते. म्हणून ९८०० हा आकडा फुगवलेला नसून सरळ अशक्य आहे. चांगल्या सेलचे वजन ४५ ते ५० ग्रॅम असते. तुमचा ३१ भरला, याचा अर्थ आत ऐवज कमी आहे. लहान सेल मोठ्या नळीत बसवून उरलेल्या जागेत भरताड घातल्याचे प्रकार मी स्वतः कापून पाहिले आहेत. (घरी कापू नका. आम्ही तो पूर्ण रिकामा करून, हातमोजे घालून, उघड्यावर कापतो.) काही वेळा जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेल्या सेलला नवे रंगीत आवरण चढवलेले असते, तेथे वजन बरोबर भरते पण आयुष्य संपलेले असते. काटा एक फसवणूक पकडतो, सगळ्या नव्हे.

आता उजेडाचा हिशेब करू. सेलवरच्या एमएएचला हजाराने भागून ३.७ व्होल्टने गुणले की वॉट-तास, म्हणजे सेलमध्ये साठणारी ऊर्जा, मिळतात. २६०० एमएएचचा प्रामाणिक सेल म्हणजे सुमारे ९.६ वॉट-तास. भिंग आणि सर्किटमधील घट धरून चांगला एलईडी दिवा एका वॉटमागे ढोबळमानाने १०० ल्युमेन देतो. म्हणजे ४०० ल्युमेनसाठी ४ वॉट लागतील आणि तो दिवा दोन तासांपेक्षा थोडा अधिक चालेल. २००० ल्युमेन खरोखर हवे असतील तर २० वॉट लागतील. तोच सेल अर्धा तासही टिकणार नाही, आणि मुठीएवढ्या त्या डब्याला तेवढी उष्णता बाहेर टाकताही येणार नाही. खोक्यावर ल्युमेन, तास आणि एमएएच हे तिन्ही आकडे असतील तर दुकानात उभ्या उभ्या हा गुणाकार करावा. तिघांचा मेळ बसत नसेल तर दिवा खाली ठेवावा. तीनपैकी एखादा आकडा लिहिलेलाच नसेल, तर तो का लिहिला नाही हे समजून घ्यावे.

सुरक्षिततेचे म्हणाल, तर लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो आणि तेथे चार्जरने थांबलेच पाहिजे. लेड-ॲसिड बॅटरीला चालते तशी ‘थोडी थोडी धार’, म्हणजे पूर्ण भरल्यावरही बारीक चार्जिंग चालू ठेवणे, याला चालत नाही. चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावर मल्टिमीटर लावून पाहा, ४.२ च्या वर स्पष्टपणे जात असेल तर तो चार्जर बाद समजावा. दुसरे टोकही तितकेच महत्त्वाचे आहे. संरक्षक सर्किट (व्होल्टेज धोक्याच्या पातळीला गेले की वाट तोडणारे) नसलेला सेल दिवा विझेपर्यंत वापरला आणि तो अडीच व्होल्टच्याही बराच खाली गेला, तर आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबे नको तेथे साचून आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. तुमचा दिवा एकदम विझला, सेल हलका आहे आणि चार्जिंगला चटका बसण्याइतका तापतो, ही तीन लक्षणे मला पुरेशी आहेत.

रविवार_कारंजा

आमच्या काळी डायनॅमो होता. बाटलीसारखा, टायरला घासून फिरणारा, ६ व्होल्ट ३ वॉटचा. चढावर पाय भरून येत आणि सिग्नलला थांबले की अंधार होई, हे दोष मान्य आहेत. पण आग लागेल म्हणून कोणी रात्री उठून त्याच्याकडे पाहत नसे.

त्र्यंबक_पहाटे

वरील काकांचे म्हणणे गमतीने घेतले तरी त्यात तथ्य आहे. जर्मनीत तर २०१३ पर्यंत बहुतेक सायकलींना डायनॅमो सक्तीचा होता. त्याच देशाच्या नियमांतली एक गोष्ट आपण घेण्यासारखी आहे. तेथे सायकलच्या पुढच्या दिव्याचा झोत मोटारीच्या ‘डिपर’सारखा वरून कापलेला असावा लागतो, त्यामुळे सगळा उजेड रस्त्यावर पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. आपल्याकडचे बहुतेक स्वस्त दिवे बॅटरीच्या, म्हणजे टॉर्चच्या, धर्तीवर गोल झोत टाकतात. अर्धा उजेड झाडांच्या शेंड्यांवर वाया जातो आणि मग ती उणीव भरून काढण्यासाठी आपण आणखी ल्युमेन मागतो. जास्त ल्युमेन म्हटले की मोठी बॅटरी, आणि मोठी बॅटरी स्वस्तात हवी म्हटले की वर सांगितलेला ३१ ग्रॅमचा सेल. माझ्या मते घोळाचे मूळ या साखळीत आहे.

दुकानदार परवानगी देईल तर दिवा भिंतीपासून चार-पाच मीटरवर, कमरेच्या उंचीला आडवा धरून लावा. उजेडाचा सर्वांत तेजस्वी भाग दिव्याच्या उंचीच्या खाली पडत असेल आणि वर स्पष्ट कडा दिसत असेल, तर ३०० ल्युमेनचा असा दिवा ८०० ल्युमेनच्या गोल झोतापेक्षा रस्ता अधिक दाखवतो. गावातल्या उजेडाच्या रस्त्यावर १०० ते २०० ल्युमेन पुरतात. त्र्यंबक रस्त्यावर शहर सोडल्यावर किंवा गिरणाऱ्याकडे जाताना ३०० ते ४०० असावेत. डिसेंबरात गंगापूर धरणाच्या बाजूला धुके उतरते, तेव्हा तर उजेड वाढवला की समोर पांढरी भिंतच उभी राहते. तेथे दिवा कमी करून खाली वळवावा लागतो.

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केल्यापासून आपल्या गावात लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे वेड वाढले, आणि त्या ओघात मीही ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करू लागलो. ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला २० तासांची मुदत असते, म्हणजे काही तास अंधारात काढावे लागतातच. तेव्हापासून एक सवय जडली आहे: एक भारी दिवा घेण्याऐवजी दोन मध्यम दिवे घ्यावेत, आणि दुसरा खिशात न ठेवता हॅण्डललाच लावलेला असावा. आपल्याला पाथर्डी फाट्याला जे झाले, त्यावर यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

मागच्या लाल दिव्याला मोठी ताकद लागत नाही. तो सरळ मागे पाहणारा असावा आणि डब्याच्या पिशवीने झाकला जाऊ नये, एवढे पुरे. घोट्याला परावर्तक पट्टा बांधावा. पाय वरखाली होतो तसा तो हलतो आणि मागच्या चालकाला ही सायकल आहे हे क्षणात उमगते. त्याला बॅटरी लागतच नाही.

देवळाली_कॅम्प

दिव्याचा नसून चार्जरचा अपघात सांगते, कारण अशी चूक कोणाच्याही घरी होऊ शकते.

माझ्या दिव्याला वेगळा बॅटरी पॅक होता, चौकटीला पट्ट्याने बांधायचा. आत दोन-दोन सेल एकापाठोपाठ जोडलेले असल्यामुळे तो ८.४ व्होल्टला पूर्ण भरतो. त्याचा चार्जर सापडेना, म्हणून मी वाय-फाय राउटरचा जुना अडॅप्टर लावला. पिन तंतोतंत बसली. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला, असे मी धरून चालले. त्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत १२ व्होल्ट लिहिले होते हे नंतर पाहिले. पंधरा-वीस मिनिटांनी जाऊबाई म्हणाल्या, “अगं, नेलपॉलिश सांडलंय का कुठं?” गोडसर, नाकात चढणारा तसाच वास होता. पॅकच्या काळ्या आवरणावर सुरकुत्या पडल्या होत्या आणि आतून बारीक फुसफुस ऐकू येत होती. भिंतीवरचे बटण बंद केले आणि सांडशीने धरून तो गच्चीवर एका रिकाम्या कुंडीत नेऊन ठेवला. आग लागली नाही. कुंडीच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग मात्र अजून आहे.

नंतर समजले की त्या पॅकमध्ये संरक्षक सर्किटच नव्हते. ते असते तर त्याने जादा व्होल्टेज येताच वाट तोडली असती. आता आमच्याकडे प्रत्येक अडॅप्टरवर कशाचा आणि किती व्होल्टचा हे कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून लावले आहे, आणि नवा दिवा यूएसबीवर चार्ज होणाराच घेतला आहे, कारण त्यात निदान पिन एक आणि व्होल्ट भलतेच असा प्रकार होत नाही.

सातपूर_टेस्टबेंच

ताई, तो वास इलेक्ट्रोलाइटमधील ज्वलनशील द्रावणाचा होता. तो वास येणे म्हणजे सेलची झडप उघडली आहे असे समजावे. सांडशीने उचलून नेण्याचे धाडस पुन्हा करू नये, ही विनंती. बटण बंद करून माणसांना बाहेर काढणे हे पहिले काम.

यूएसबीविषयी एक छोटी भर. काही स्वस्त दिव्यांना सी-प्रकारचे छिद्र असते, पण ‘मला वीज हवी आहे’ हे चार्जरला कळवणारे दोन बारीक रोधक (रेझिस्टर) आत बसवलेले नसतात. मग दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने तो दिवा चार्जच होत नाही आणि लोक तो खराब समजतात. जुनी, एका टोकाला चौकोनी पिन असलेली केबल लावली की चालतो. यात धोका काही नाही, मात्र उत्पादकाने वीस-तीस पैशांचे रोधक वाचवले असतील तर त्याने आणखी कुठे वाचवले असेल, असा विचार माझ्या मनात येतो.

पंचवटी_सेवानिवृत्त

आपण सर्वजण लिथियमच गृहीत धरून का बोलत आहात, हे मला समजले नाही. पेन्सिल सेलच्या मापाचे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल मिळतात. त्यांतील इलेक्ट्रोलाइट पाण्याचे असते, त्यामुळे ते तापले, गळले तरी लिथियमसारखे पेटत नाहीत. मी चार सेलचा दिवा सात वर्षे वापरत असून रोज पहाटे रामकुंडापासून सोमेश्वरपर्यंत जाऊन येतो. सेल संपले तर कोणत्याही किराणा दुकानात साधे मिळतात.

त्र्यंबक_पहाटे

आपला मुद्दा रास्त आहे. हिशेब मात्र मांडतो: असा एक सेल १.२ व्होल्ट आणि २००० एमएएचचा, म्हणजे २.४ वॉट-तासांचा. चार मिळून ९.६, अर्थात एका चांगल्या १८६५० एवढेच, पण वजन दुपटीहून अधिक. शिवाय साध्या सेलच्या १.५ व्होल्टवर बेतलेला दिवा १.२ वर थोडा मंद वाटतो. लांबच्या प्रवासाला मी ते नेणार नाही. रोजच्या पाच-सहा किलोमीटरला आणि विशेषतः मागच्या दिव्याला आपलीच निवड योग्य आहे. पावसाळ्यात सायकल उभी ठेवायची असेल तेव्हा साधे अल्कलाइन सेल काढून ठेवावेत, नाहीतर गळून स्प्रिंगला पांढरी-निळी बुरशी धरल्यासारखी होते.

जुने_सिडको

खरेदीपूर्वी पाहण्याची आणखी एक खूण आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलना आणि बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची असून त्यांवर ‘आयएस १६०४६’ या मानकाचा उल्लेख आणि ‘आर’ या अक्षरापुढे आठ अंकी क्रमांक असतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आणि कोणत्या वस्तूसाठी आहे हे समोर येते. क्रमांक छापलेला आहे एवढ्यावर समाधान मानू नये. मी एका दुकानात पाहिलेल्या सेलवरचा क्रमांक तपासला तेव्हा तो निराळ्याच उत्पादकाच्या निराळ्याच वस्तूचा निघाला. ‘सीई’ (युरोपीय मानकांची खूण) ही अक्षरे उत्पादक बहुधा स्वतःच छापतो, तेव्हा त्यांना फार महत्त्व देऊ नये.

आपल्या पावसाचा विचार करता ‘आयपीएक्स’ या पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या दर्जात ४ म्हणजे फक्त शिंतोडे सहन करणारा दिवा होय. जुलैत रोज बाहेर पडणाऱ्याने ६ पाहावा, आणि चार्जिंगच्या छिद्रावरील रबरी बूच घट्ट बसते का, हे नखाने ओढून पाहावे. पाणी आत गेलेला दिवा वाळला तरी लगेच चार्जिंगला लावू नये.

अग्निसुरक्षा_विभाग_निवृत्त

मूळ प्रश्नातील चार्जिंगच्या जागेबद्दल अद्याप कोणी बोललेले नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते. एकच दार असलेल्या घरात त्याच दाराशी, चपला आणि कापडाच्या सान्निध्यात चार्जिंग करणे म्हणजे आग लागलीच तर सुटकेची वाट तिलाच देऊन टाकणे होय. दिवा कडप्प्यावर किंवा फरशीवर, भोवती हातभर मोकळी जागा ठेवून, घरात कोणी जागे असताना चार्ज करावा. पाळीवरून येऊन लावला आणि झोपलो, असे करू नये. उशीवर, गादीवर, खिडकीच्या पडद्याखाली तर नाहीच. बहुतेक सेलना चार्जिंगसाठी ४५ अंशांची मर्यादा दिलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या गॅलरीत दुपारी ती सहज ओलांडली जाते. थंडीची भीती आपल्याकडे नाही, कारण शून्याखाली चार्ज केल्याने जी हानी होते ती निफाडच्या कडाक्यातही घरात होणार नाही.

सेलमधून धूर येऊ लागला तर तो श्वासात घेऊ नये, त्यात विषारी वायू असतो. शक्य असेल तर मुख्य बटण बंद करावे, खोलीचे दार ओढून घ्यावे, बाहेर पडून १०१ किंवा ११२ वर कळवावे. लहान सेल असेल, तो विजेपासून तोडलेला असेल आणि सुरक्षित अंतर राखता येत असेल, तर भरपूर पाणी ओतावे, कारण शेजारचा सेल पेटू नये म्हणून थंड करणे गरजेचे असते. वाळू ज्वाला झाकते पण उष्णता काढून घेत नाही.

आणि कृपया बाद सेल घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, सेल चेपतो, आणि कागद-प्लास्टिकच्या ढिगात ठिणगी पडते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तोवर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वेगळे ठेवावे.

अंबड_दुसरी_पाळी

सर्वांचे मनापासून आभार. केलेली खरेदी कळवतो. पुढचा दिवा ४०० ल्युमेनचा, आत बसवलेल्या २५०० एमएएच बॅटरीचा, वरून कापलेल्या झोताचा, १,१५० रुपयांना घेतला. खोक्यावर पूर्ण उजेडात दोन तास लिहिले होते. दुकानातच मोबाइलवर गुणाकार केला तेव्हा ९.२५ वॉट-तास आणि २.३ तास आले, म्हणून विश्वास बसला. नोंदणी क्रमांक ॲपमध्ये जुळला. मागचा दिवा दोन बारीक पेन्सिल सेलचा, २८० रुपयांचा.

रविवारी पुढचा दिवा गच्चीवर लावून घड्याळ घेऊन बसलो. एक तास बावन्न मिनिटांनी तो आपोआप मंद झाला आणि मंद उजेडात आणखी पाऊण तास चालला. विझण्यापूर्वी सूचना देतो, हेच मला उजेडापेक्षा अधिक आवडले. मागचा दिवा मात्र मी लुकलुकता ठेवत नाही. आमच्या पाळीतील एका टेंपोचालकाने सांगितले की लुकलुकणारा दिवा चटकन दिसतो, पण तो किती लांब आहे याचा अंदाज येत नाही.

चार्जिंग आता स्वयंपाकघरातील कडप्प्याच्या टोकाला, स्टीलच्या ताटात, सकाळी नाश्त्याच्या वेळी होते. ओट्यावर सायकलचे सामान नको, असे घरातून ऐकावे लागले. नऊच्या आत ताट रिकामे करायचे या अटीवर तह झाला आहे.

तो ३१ ग्रॅमचा सेल चिकटपट्टी लावून गॅलरीत सावलीला, मातीच्या भांड्यात ठेवला आहे. त्याचे काय करावे?

सातपूर_टेस्टबेंच

आमच्या कारखान्याचा ई-कचरा नेण्यासाठी अधिकृत वाहक महिन्यातून एकदा येतो. पुढच्या आठवड्यात पाळीला जाण्यापूर्वी माझ्याकडे आणून द्या, मात्र खिशात किल्ल्यांसोबत आणू नका. देवळालीच्या ताईंनीही कुंडीतला पॅक पाठवावा.